दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कव्हर वाळवीनं खाल्लेलं.
डावा गाल, एक कानातलं
आणि नावाची शेवटची चार अक्षरं, एवढंच शिल्लक.
पोस्टातले करकरे म्हणाले, लाइन.
टोणपेबाई म्हणाल्या, छे, लीन.
गाणारीचं नाव असंच असणार.

तेव्हापासून दौलतगंजात, मोच्याच्या दुकानावरच्या माडीत
ती लीनाबाई.

मिलमध्ये यंत्रं बसवायला आलेला एक फ्रेंच माणूस
दोन महिन्यांचं भाडं थकवून निघून गेला,
खोलीत ही तबकडी सोडून.
घरमालकानं ती बाईंच्या हातात ठेवली:
तुम्ही गाण्यातल्या, तुम्हीच काय ते बघा.

माझा गळा बाईंनी पहिल्याच महिन्यात निकालात काढला होता.
तू कान हो, म्हणाल्या.
म्हणून सुई मी ठेवायचो, धूळ मी पुसायचो.
बाई खाली जाजमावर बसायच्या, पदर सारखा करून,
समोर कुणी बुजुर्ग गायला बसल्यासारखं.

ही पेटी नव्हे रे, पेटीची चुलत बहीण. दम जास्त आहे हिला.
आणि ताल? अर्धा दादरा घेऊन पळालीय बया.
र बघ कसा काढते, गुळणी केल्यासारखा.
आमच्या गुरुजींनी थोबाडीत दिली असती.
(सुपारी कातरत, बऱ्याच वेळानं)
मग पुन्हा म्हणायला लावलं असतं.

शब्द एकही कळायचा नाही.
बाई म्हणायच्या, आपल्या चिजांतले तरी कुठे कळतात?
सासू-नणंदेचं भांडण निम्म्यात सुटतं,
पुढचं सगळं सुरांनाच निस्तरावं लागतं.

दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात
ती वर चढायची, अगदी टोकाला,
आणि तिथं होता ओरखडा.
ला र्यू, ला र्यू, ला र्यू,
सुई तिथंच.
मी धावलो. बाईंनी मनगट धरलं.
थांब. तीनदा म्हणू दे तिला.
तिहाई आहे ती.

मग तसंच ठरलं.
तीनदा झालं की मी बोटानं सुई किंचित ढकलायची
आणि लीनाबाई समेवर.
कधी चुकलो नाही.

त्या वर्षी जनकगंजच्या गणपतीत
बाईंनी भैरवीत ती जागा घेतली,
तीनदा अडल्यासारखं करून सोडून दिली.
पहिल्या रांगेतले फाळके गुडघ्यावर थाप मारून म्हणाले,
वाह, खास ग्वाल्हेरची चीज!
बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
तंबोऱ्याच्या मागे हसत होत्या.

बाई गेल्या. तबकडी कुणी तरी ऐकायला नेली
ती नेलीच.

परवा भाचा म्हणाला, मामा, नुसतं गुणगुण, फोन ओळखतो.
लाज वाटली. दार लावून घेतलं.
पन्नास वर्षांपूर्वी नापास झालेल्या गळ्यानं
चार सूर काढले कसेबसे,
आणि फोननं ओळखले.
पूर्ण नाव आलं, फोटो आला, दोन्ही गाल असलेला.
मी म्हटलं, चष्मा नाही रे माझ्याजवळ.
चष्मा खिशात होता.

गाणं लागलं. स्वच्छ, काचेसारखं.
ला र्यू म्हणजे रस्ता, भाच्यानं शोधून सांगितलं. गल्ली म्हण.
ती एकदाच म्हणते गल्ली
आणि चालायला लागते पुढे,
जणू त्या गल्लीत तिचं कुणी नव्हतंच.
मी म्हटलं, चुकलंय. बंद कर.

काल संध्याकाळी संगीत विद्यालयावरून येत होतो,
वर खिडकीत कुणी पोर घोकत होती.
बाईंच्या शिष्येची शिष्या असेल.
भैरवी. वर चढली, टोकाला आली,
अडली. एकदा. दोनदा.
मी हातातली भाजीची पिशवी डाव्या हातात घेतली.